मोठ्या पानांचा कोलियस: कुंडीतली निगा आणि कटिंगपासून नवी रोपं

तळहाताहून मोठी पानं, मधोमध गुलाबी किंवा लालभडक पट्टा, कडेला हिरवी झालर. असं रोप नर्सरीत दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. पंधरवड्यात त्याच रोपाची खालची पानं गळतात, खोड उघडं पडतं आणि ‘आमच्याकडे कोलियस जगत नाही’ असा निकाल लागतो. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो आणि त्यामागचं कारण पानाच्या आकारात आहे.

साध्या, लहान पानांच्या कोलियसचा अनुभव इथे अर्धाच कामी येतो. मोठ्या पानांचे जे कोलियस बाजारात येतात त्यात ‘काँग’ मालिकेतले वाण सर्वांत ओळखीचे. झाड साधारण दीड फूट उंच, पान 15 सेंमीच्या आसपास, निगा चांगली असेल तर त्याहून मोठं. एवढं रुंद पान दुपारी भराभर पाणी उडवतं, म्हणून झाड चटकन माना टाकतं. उलट पावसात तेच पान अंगावर पाणी धरून ठेवतं आणि सडतं. कुंडी किती मोठी, ऊन किती, कटिंगची पानं अर्धी का कापायची, या सगळ्याची उत्तरं याच एका गोष्टीत आहेत.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच मान्य केलेली बरी. कोलियस तांत्रिकदृष्ट्या बहुवर्षायू असला तरी वर्षभरानंतर त्याचं खोड लाकडासारखं होतं, खालून उघडं पडतं आणि नवी पानं लहान येऊ लागतात. जुनं झाड जपत बसण्यात अर्थ नाही. सहा-आठ महिन्यांनी कटिंग घ्यायचं, नवं रोप तयार झालं की जुनं काढून टाकायचं.

घरी आणल्यावरचे पहिले आठ दिवस

नर्सरीतलं रोप शेडनेटखाली, दमट हवेत वाढलेलं असतं. घरच्या गॅलरीत हवा कोरडी, वारा जास्त. आल्या दिवशीच कुंडी बदलली तर मुळं दुखावतात आणि पानांची मागणी तेवढीच राहते. खालची दोन-चार पानं तेव्हाच जातात. आठ दिवस आहे त्या पिशवीत किंवा कुंडीत, उजेडाच्या पण सावलीतल्या जागी ठेवा. या काळात पानांच्या खालच्या बाजू आणि पानाचा देठ खोडाला मिळतो तिथल्या बेचक्या बघा. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. असं रोप बाकीच्या झाडांत मिसळू नका.

विकत घेतानाच शेंड्याला फुलांचा तुरा आलेलं रोप टाळा. उंच रोपापेक्षा बुटकं, खालपर्यंत पानं असलेलं रोप घ्या, जरी पानं चारच असली तरी.

कुंडी आणि माती

4 इंची कुंडीतून थेट 12 इंचीत लावलं तर झाड लवकर मोठं होईल हा समज महागात पडतो. मुळं थोडी, माती खूप. ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. 4 वरून 6 इंची, मुळं कडेला पोचली की 8 इंची. एका झाडाला 8 इंचीच्या पुढे सहसा जावं लागत नाही. तळाला निदान चार भोकं हवीत. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याची गरज नाही. त्याने निचरा सुधारत नाही, मातीची खोली तेवढी कमी होते.

मिश्रणाचं प्रमाण मापाने धरा: धुतलेलं कोकोपीट 2 भाग, गांडूळखत 1 भाग, पोयटा किंवा लाल माती 1 भाग, परलाइट (निचऱ्यासाठी घालतात ते हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू 1 भाग. 10 लिटर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड आणि, मिळाली तर, किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर (मूळकुजीला आळा घालणारी उपयोगी बुरशी). देशावरची काळी माती यात घालू नका. ती पाणी धरून चिकट होते आणि सुकली की भेगा पडून कोवळी मुळं तोडते. मातीच्या कुंडीत मिश्रण लवकर सुकतं, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्लास्टिकची कुंडी सोयीची. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र मातीचीच बरी.

कोकोपीट धुण्याचा कंटाळा करू नये. विटेत बरेचदा क्षार जास्त असतात. वीट भिजवून, पिळून, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये लावलेल्या रोपाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो.

ऊन, आडोसा, वारा

मोठ्या पानांच्या वाणांना सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि नंतर दिवसभर भरपूर उजेड, एवढं पुरतं. पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत 50 ते 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट लागते, नाहीतर दुपारच्या उन्हात रंग विटून पान कागदासारखं होतं. घरात ठेवायचं असेल तर खिडकीपासून हातभर अंतरावर. खोलीच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या बाजूला तो शोभून दिसतो खरा, पण महिन्याभरात दोन पेरांतलं, म्हणजे पानं फुटतात त्या खोडावरच्या गाठींतलं, अंतर वाढतं, खोड बारीक होऊन कलतं आणि लाल-गुलाबीची जागा मळकट हिरवा घेतो. उजेड कमी पडला की झाड हरितद्रव्य वाढवतं आणि लाल रंगद्रव्य कमी बनवतं. रंग गेलेली पानं नंतर उजेडात नेऊन सुधारत नाहीत, नवी पानं मात्र रंग घेऊन येतात.

वरच्या मजल्यांवर उन्हापेक्षा वारा जास्त त्रास देतो. याचं खोड रसाळ आणि ठिसूळ असतं, पान शिडासारखं वारा पकडतं आणि फांदी बेचक्यातून मोडते. कठड्यावर न ठेवता खाली, भिंतीच्या आडोशाला ठेवा. झाड फूटभर झालं की बांबूची काडी लावून सुतळीने सैल बांधा.

12 अंशांच्या खाली तापमान गेलं की वाढ थांबते आणि पानं गळतात. नाशिक, पुणे, नागपूर इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुंडी आत घ्यावी. मे महिन्यातल्या विदर्भाच्या झळा याहून वाईट. त्या दिवसांत दुपारी झाड पूर्ण आडोशाला हवं.

पाणी

रोज सकाळी तांब्याभर, हा हिशोब इथे चालत नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलसर लागलं तर नाही. दिलं की तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. पाणी मातीत घाला, पानांवर नको. मोठ्या पानावर थेंब रात्रभर राहिले तर तिथे तपकिरी, मऊ डाग पडतो. पानांवर फवारा मारून दमटपणा वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या झाडापुरता तो विसरा.

दुपारी झाडाने माना टाकल्या की लगेच पाणी घालण्याचा मोह होतो. आधी कुंडी उचलून बघा. हलकी असेल तर तहान आहे. पाणी दिल्यावर तास-दोन तासांत पानं उभी राहतात. जड असेल आणि तरीही पानं लोंबत असतील तर मुळं कुजायला लागली आहेत किंवा ऊन जास्त होतंय. कुंडी सावलीत हलवा. संध्याकाळी झाड आपोआप सावरलं तर उन्हाचा प्रश्न होता. सावरलं नाही तर झाड कुंडीतून अलगद काढून मुळं बघा: पांढरी, ताठ म्हणजे ठीक, तपकिरी, बोटांनी ओढताच साल सुटून येणारी आणि वास मारणारी म्हणजे मूळकूज. अशा झाडाचा बुंधा वाचवण्यात वेळ घालवू नका. शेंड्याचा भाग अजून टणक असेल तर त्याचं कटिंग घ्या, माती फेकून द्या, कुंडी धुऊन उन्हात वाळवा.

खत आणि शेंडा खुडणं

महिन्याला मूठभर गांडूळखत आणि वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत, लिटरला 1 ग्रॅम. ओल्या मातीतच द्या, सुक्या मातीत मुळं करपतात. युरिया नको. नत्र जास्त झालं की पान मोठं दिसतं पण मऊ पडतं, रंग फिका होतो आणि मावा-पिठ्या ढेकूण धावून येतात.

शेंडा खुडण्याबाबत साध्या कोलियसचा नियम जसाच्या तसा लावू नका. तिथे वारंवार खुडून झाड डेरेदार करतात. इथे जितक्या फांद्या जास्त, तितकं पान लहान. मोठं पान हेच आकर्षण असेल तर पानांच्या चार जोड्या झाल्यावर एकदाच शेंडा खुडा, आणि बगलेतून फुटलेल्या फांद्यांपैकी तीन-चार जोमदार ठेवून बाकी काढा. काही जण अजिबात न खुडता एकाच खोडावर वाढवतात. पान सर्वांत मोठं तेव्हाच येतं, पण झाड लवकर उघडं दिसतं.

फुलांचा तुरा डोकावला की नखाने खुडून टाका. निळसर-जांभळी फुलं वाईट नसतात, पण तुरा वाढला की झाडाचं लक्ष बियांकडे जातं आणि नवी पानं बोटाएवढी येतात.

कटिंग: नेहमीची पद्धत

कोलियस तुळस-पुदिन्याच्या कुळातला. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि पेरापेरातून मुळं फुटण्याची तयारी, हे त्या कुळाचं लक्षण. म्हणून कटिंग जगवणं सोपं. मोठ्या पानांच्या वाणात अडचण दोन ठिकाणी येते: फांद्या मुळातच कमी असतात, त्यामुळे कटिंग जपून वापरावं लागतं, आणि मुळं नसलेल्या काडीवर एवढं मोठं पान असतं की ती आधी सुकते.

घाटावर ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि जून-जुलै, हे दोन हंगाम चांगले. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टला हवा इतकी दमट असते की काड्या कुजतात. तिथे गणपतीनंतर घ्या.

आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या आणि सकाळी उन्हाआधी कापा. तुरा न आलेली, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, हिरवी फांदी निवडा. लांबी 8 ते 10 सेंमी, पानांच्या दोन-तीन जोड्या. ब्लेड स्पिरिटने पुसून पेराच्या अर्धा सेंमी खाली आडवा काप घ्या. झाडावर खाली निदान दोन पेरं पानांसकट शिल्लक राहिली पाहिजेत, तिथूनच पुढच्या फांद्या येतील.

आता काडीची खालची पानांची जोडी काढायची. ती ओढून तोडू नका, साल सोलून निघते आणि कूज तिथून सुरू होते. कात्रीने देठ खोडालगत कापा. शेंड्याची दोन चिमुकली पानं तशीच ठेवा आणि मधली मोठी पानं आडवी अर्धी कापा. कापायला जीव होत नाही, हे खरं. पण न कापलेली काडी दुपारपर्यंत लोळते. कापलेलं पान नंतर तसंच अर्धं राहतं, वाढत नाही. नवी पानं आली की ते काढून टाकता येतं.

पाव लिटरचा प्लास्टिकचा ग्लास घ्या, तळाला गरम खिळ्याने चार भोकं पाडा. त्यात धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं भरा. ओल तपासायची सोपी खूण: मूठ आवळल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार नको. पेन्सिलीने भोक करून पानं काढलेलं पेर मातीत जाईल इतकी काडी खोवा आणि बाजूने दाबा. मुळं मुख्यतः त्या पेरातून येतात. पेर वर राहिलं तर बाकी सगळं बरोबर करूनही वाट बघत बसावं लागतं. रूटिंग पावडर (मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती) लागत नाही. असेलच तर टोकाला नुसती चिकटेल इतकी लावा, जाड थर दिला तर टोक काळं पडतं.

कोरड्या हवेत ग्लासवर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी ठेवा. पिशवी पानांना चिकटू देऊ नका, रोज दहा मिनिटं उघडा. उन्हाचा कवडसासुद्धा त्यावर पडू नये, आत तापमान चढून काडी अक्षरशः शिजते. सातव्या-आठव्या दिवसापासून झाकण दिवसातून थोडं थोडं जास्त वेळ काढत जा.

पहिले दोन दिवस काडी मलूल दिसते, घाबरू नका. चौथ्या दिवशीही उभी राहिली नाही आणि मातीलगतचा भाग काळपट, मऊ झाला असेल तर ती गेली. उपटून फेका, शेजारची वाचेल. 22 ते 28 अंशांत 10 ते 14 दिवसांत मुळं येतात. काडी हलकेच ओढून पाहिली आणि तिने धरून ठेवल्यासारखं वाटलं की काम झालं. तिसऱ्या आठवड्यात 4 इंची कुंडीत हलवा, आठ दिवस सावली, मग हळूहळू सकाळचं ऊन.

पाण्यातलं कटिंग

मुळं फुटताना बघायची हौस असेल किंवा कोकोपीट हाताशी नसेल तर पाणी चालतं. गडद रंगाची बाटली घ्या, पारदर्शक बाटलीत शेवाळ धरतं. एक पेर पाण्यात, पान एकही नाही. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. ती 2-3 सेंमी झाली की लगेच मातीत लावा. झुबका लांब होईपर्यंत थांबण्याची सवय बऱ्याच जणांना असते, आणि इथेच रोपं दगावतात. पाण्यातली मुळं नाजूक असतात, लांब झाली की लावताना तुटतात आणि मातीशी जुळवून घ्यायला वेळ लावतात. लावल्यावर पहिला आठवडा मिश्रण नेहमीपेक्षा ओलं ठेवा, मग कमी करत या.

एकाच झाडापासून जास्त रोपं

शेंडा एकच आणि रोपं चार हवीत, तर एकेका पेराचं कटिंग करा. पेराच्या वर एक सेंमी, खाली 3 सेंमी असा तुकडा, समोरासमोरची दोन पानं अर्धी कापून. दोन्ही पानांच्या बगलेत डोळा, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते तो कोंब, असतो. पेर मातीच्या पृष्ठभागाला टेकेल असं लावा, डोळे वर राहू द्या. मुळं वेळेवर येतात, पण डोळा फुटायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर हवा.

नुसतं पान देठासकट लावलं तरी मुळं फुटतात आणि पान महिनोन्‌महिने हिरवं राहतं. पण देठाच्या तळाशी डोळा आलेला नसेल तर त्यातून झाड कधीच होत नाही. पान तोडताना खोडाची छोटी टाच आणि डोळा त्यासोबत आला तरच उपयोग.

बियांपासून

बी धुळीसारखं बारीक, एका ग्रॅममध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या, चाळलेल्या कोकोपीटवर पसरा आणि झाकू नका; उगवणीला उजेड लागतो. वर प्लास्टिक, 21 ते 25 अंश, थेट ऊन नाही. 10-14 दिवसांत उगवतं. उगवलं की प्लास्टिक लगेच काढा, नाहीतर रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडतात. पाणी ट्रेच्या तळातून द्या. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर एकेक रोप वेगळं करा. सुरुवातीची पानं हिरवट-तपकिरी दिसतात, म्हणून फिकी रोपं इतक्यात उपटू नका. कुंडीत मिरवण्याजोगं झाड व्हायला अडीच-तीन महिने जातात. घरच्या झाडाच्या बियांतून मूळ रंग येईलच असं नाही. आवडता रंग टिकवायचा तर कटिंगच.

कधी एखादी फांदी एकदम वेगळ्या रंगाची निघते. नुसती हिरवी असेल तर बुडापासून कापा, ती जोमदार असते आणि बाकीच्यांना मागे टाकते. रंग आवडला तर तिचंच कटिंग करा, बरेचदा तो पुढे टिकतो.

कीड आणि रोग

पिठ्या ढेकूण थोडे असतील तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, आठवड्याने पुन्हा. जास्त असतील तर नीमतेल 5 मिली आणि द्रव साबण 1 मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा, या पानाला तेल सोसतंच असं नाही. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. पावसाळ्यात सकाळी पानाला मोठाली भोकं दिसली आणि किडा सापडला नाही तर रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या खालची बाजू बघा. गोगलगाय तिथे असते.

पानावर वेडेवाकडे तपकिरी चट्टे, खालच्या बाजूला करडी-जांभळट बुरशी आणि पटापट पानगळ, ही केवडा या बुरशीजन्य रोगाची लक्षणं. गार, दमट हवेत तो पसरतो. आजारी झाड वेगळं करा, पानं कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून फेका, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. पानावर वलयासारखे डाग आणि शेंडा वाकडा असेल तर विषाणूची शंका घ्या. त्यावर औषध नाही, तो फुलकिड्यांमार्फत पसरतो. असं झाड पूर्ण काढा, त्याचं कटिंग कुणाला देऊ नका.

चांगलं कटिंग परगावी न्यायचं असेल तर पानं अर्धी कापून काडीचं टोक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा. सावलीत चोवीस तास सहज टिकतं. पोचल्यावर टोकाचा अर्धा सेंमी नव्याने कापा आणि तासभर पाण्यात ठेवून मग लावा.